पगार माणसाचा, मिळकत घराची

नमस्कार श्रोतेहो.

विषमता म्हटली की आपण पगाराचे आकडे मांडून बसतो. पण पगार एका माणसाच्या हातात पडतो आणि त्यावर अख्खं घर चालतं. म्हणून आज थोडं उंबरठ्याच्या आत डोकावू या.

चार माणसं धरा. दोघांची कमाई १००-१००, दोघांची ४०-४०. जास्त कमावणाऱ्याची आणि कमी कमावणाऱ्याची जोडी जमली, तर दोन्ही घरांत १४० येतात. पण माणसं बहुधा आपल्याएवढाच शिकलेला, आपल्यासारख्याच नोकरीतला जोडीदार बघतात. मग एका घरात २००, दुसऱ्यात ८०. आता त्या ८०च्या घरात मूल आलं. पाळणाघराला जवळजवळ एक पगार जायला लागला, तेव्हा एकाने नोकरी सोडली. बहुतेक वेळा आईनेच. राहिले ४०. माणसांच्या कमाईत फरक अडीच पटींचा होता, घरांच्या मिळकतीत तो पाच पटींचा झाला. आणि पगार तर कुणाचाच कापला गेला नव्हता!

बायका नोकरीला लागल्या म्हणून दरी वाढली, असं कधीकधी ऐकू येतं. मला ते मुळीच पटत नाही. कमी मिळकतीच्या घरातली बाई कमावती राहिली तर दरी कमीच होते. नोकरी टिकवणं कुणाला परवडतं, खरा प्रश्न तो आहे.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्या सांगतात, काही नोकऱ्यांत रात्री-अपरात्री हजर राहणाऱ्याला तासांच्या मानाने कितीतरी जास्त मोबदला मिळतो. मग जोडप्यातला एक जण तशी नोकरी धरतो आणि दुसरी घराला सांभाळून जमेल तेवढीच करते.

दुपारी शाळेतून फोन येतो: मुलाला ताप आहे, घेऊन जा. कोण उठतं? जिचा पगार कमी, ती. असं चार वेळा झालं की पुढची बढती तिच्या हातून जाते, आणि पाचव्या वेळी कोण उठणार हे विचारावंही लागत नाही.

ज्या घरात मोठं माणूस एकच, तिथे फोन घेणारं तेच आणि कमावणारंही तेच. उठलं तर दिवसाची मजुरी बुडते. तिथे परवडणारं पाळणाघर आणि आजारी मुलासाठी भरपगारी रजा मिळाली, तर त्या ४०चे निदान ४० तरी राहतात.

नमस्कार.