फोनवर चालतंय की!

(परळमधल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी दादरला पुलाखाली भाजी घेत होतो. "अरे, बँकेची साइट उघडत नाहीये. तुझ्या त्या लिनक्सचं काहीतरी बिघडलंय." 'तुझ्या त्या लिनक्सचं' हे लक्षात घ्या. त्यांचा जुना कॉम्प्युटर रखडायला लागला म्हणून मी एकदा त्यात लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकून दिली. तेव्हापासून त्या डब्याचं दुखलंखुपलं सगळं माझ्या नावावर. मी विचारलं, बाकीच्या साइट? "बातम्या, रेल्वेचं तिकीट, सगळं चालतं. आणि ही बँकेचीसुद्धा माझ्या फोनवर चालतेय की!"

या 'फोनवर चालतंय की'नं माझा दीड तास खाल्ला, म्हणून आज सुरुवात तिथून.

ते वाक्य ऐकलं आणि मी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला: साइट शाबूत, नेट शाबूत, म्हणजे दोषी कॉम्प्युटर. गिरगावात त्यांच्या चाळीचे तीन जिने चढलो आणि आरोपीला धरला. ब्राउझरची खासगी खिडकी उघडून पाहिली. दुसरा ब्राउझर टाकला. कुकी पुसल्या. रीस्टार्ट तर भाऊजींनी आधीच चार वेळा केलं होतं. ताईनं दोनदा चहा दिला. साइटचं चक्र आपलं फिरतंय.

मग भाऊजी मला फोनवर साइट दाखवायला पुढे सरकले, आणि माझी नजर वरच्या कोपऱ्यात गेली. तिथे ४जी लिहिलेलं. वायफायची खूणच नाही. नसणारच, कारण त्या घरात वायफायच नव्हतं. केबलवाल्याची वायर गच्चीवरून खिडकीतून थेट कॉम्प्युटरच्या पाठीत घुसलेली, आणि कॉम्प्युटर स्वतःच नाव-पासवर्ड देऊन लाइन जोडणारा.

म्हणजे दोघे वेगवेगळ्या वाटांनी बँकेत जात होते. अंधेरीला वेस्टर्ननंही जाता येतं आणि हार्बरनंही. हार्बर रखडली म्हणून प्रवाशाचे पाय मोडले असं कोणी म्हणतं का? मी तेच म्हणत होतो. फोन केबलनं कॉम्प्युटरला जोडला, यूएसबी टेदरिंग सुरू केलं, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला दिलं, केबलवाल्याची वायर काढली. बँक झटक्यात उघडली. भाऊजी माझ्याकडे असे बघायला लागले, जसा काही मीच इतका वेळ ती दाबून धरली होती.

आता वायर परत लावली. लिनक्समध्ये कर्ल नावाची आज्ञा आहे. तिला वजा व्ही जोडून साइटचा पत्ता दिला, की ती काय काय करतेय ते बोलत बोलत करते. ब्राउझर नुसतं चक्र फिरवतो. कर्ल सांगते की आता नावावरून आकड्यांचा पत्ता मिळाला, आता जोडणी झाली, आता मी पहिला नमस्कार पाठवला. इथपर्यंत सगळं आलं. त्यानंतर कर्सर लुकलुकत बसला. बँकेचा प्रतिनमस्कार येईना.

मी जरा ताठ बसलो, कारण ही जागा फार बोलकी आहे. आपला नमस्कार छोटा असतो. पण उत्तरात सर्व्हर स्वतःची ओळख पटवणारी प्रमाणपत्रं पाठवतो आणि ती काही हजार बाइटांची असतात. म्हणजे जोडणीतली पहिली मोठी पार्सलं इथे निघतात. लहान जातंय, मोठं अडतंय.

चाळीत राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. लाकडी जिन्यानं पोस्टमन रोज वर येतो. लोखंडी कपाट आलं की वळणावर अडतं. इंटरनेटवर माहिती पुड्या बांधून जाते, आणि त्या पुडीलाही अशी रुंदीची मर्यादा असते, तिला एमटीयू म्हणतात. साध्या इथरनेटच्या वायरीवर ती १५०० बाइट. नाव-पासवर्डानं जोडणाऱ्या या लाइनींत पीपीपीओई नावाची पद्धत असते, १९९९ सालची; ती स्वतःच्या लेबलासाठी आठ बाइट घेते, उरतात १४९२. वाटेत कुठे याहूनही अरुंद वळण असेल, तर तिथल्या यंत्रानं पाठवणाऱ्याला उलट निरोप द्यायचा की बाबा, मावत नाही, एवढ्या मापाचं पाठव. ही व्यवस्था १९९० सालापासून लिहून ठेवलेली आहे.

पण हा निरोप आयसीएमपी या प्रकारचा असतो, आणि वाटेतला एखादा अतिशहाणा सुरक्षेच्या नावाखाली असे निरोप बंद करतो. कपाट वळणावर अडलंय, हमाल सांगायला खाली धावतोय, आणि गेटवरचा वॉचमन त्याला बाहेर सोडत नाही. दुकानदाराला काहीच कळत नाही, तो तेच कपाट पुन्हा पाठवतो. पुन्हा. पुन्हा. इकडे भाऊजी चक्र बघत बसलेत.

मग बाकीच्या साइट कशा चालतात? काही सर्व्हर मुळातच पुड्या लहान ठेवतात. काही, दोनचार फेऱ्या फुकट गेल्या की आपणहून लहान करून बघतात. या बँकेचा सर्व्हर तसा नव्हता.

हे मापता येतं. पिंग ही समोरच्या यंत्राला हाक मारून उत्तराची वाट बघणारी आज्ञा. तिला सांगायचं की पुडी फोडू नकोस, आणि आकार आपण द्यायचा. १४७२ दिला, तर कॉम्प्युटरनंच दारात अडवलं: माझी मर्यादा १४९२. पुडीवर २८ बाइटांचं वेष्टन चढतं, म्हणून १४६४ दिला. आता अडवलं नाही, पण उत्तरही नाही. १३६४ ला आलं. मधला आकडा, मग त्याच्या मधला, असं करत करत १४१२ ला उत्तर आलं आणि १४१३ ला शांतता. १४१२ अधिक २८, १४४०. जोडणीचं एमटीयू १४४० केलं, बँक उघडली. कॉम्प्युटर समोरच्याला जोडणीच्या सुरुवातीलाच स्वतःचं माप सांगतो, त्यामुळे कपाट दुकानातूनच सुटं होऊन यायला लागलं.

केबलवाला म्हणाला, साहेब, दुसऱ्या कोणाची कंप्लेंट नाही. शेजारच्या खोलीत विचारलं. तिथल्या काकू म्हणाल्या, "ती ना? ती कॉम्प्युटरवर उघडतच नाही. आम्ही फोनवरच करतो."

मघाशी पहिल्या रांगेतून कोणीतरी घड्याळ म्हणालं. घड्याळ चुकलं तरी साइट अडतात, खरंय. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख मागे जाते आणि प्रमाणपत्रं अजून लागूच झाली नाहीत असं कॉम्प्युटरला वाटतं. पण तेव्हा ब्राउझर तसं तोंडावर सांगतो, आणि एकच साइट नाही, बहुतेक सगळ्याच जातात. आणि आयपीव्ही६ची, म्हणजे आकड्यांच्या पत्त्यांच्या नव्या पद्धतीची (जुनी ती आयपीव्ही४), शंका असेल तर कर्लला एकदा वजा चार, एकदा वजा सहा देऊन बघा. चारनं उघडली आणि सहानं लटकली, तर लाइनीचा आयपीव्ही६चा रस्ता अर्धवट आहे.

आता माझ्या घरची गोष्ट. ही सांगायला जरा लाज वाटते.

बायकोनं विचारलं, मेंटेनन्स भरलास का? आमच्या सोसायटीची छोटी वेबसाइट आहे, तिच्यावर भरतो. माझ्या कॉम्प्युटरवर ती उघडेना. तिच्या लॅपटॉपवर उघडत होती. पोळलेला माणूस मी, आधी तिचं वायफाय पाहिलं. तेच, घरातलंच. म्हणजे या वेळी आरोपी खरोखर माझ्याच टेबलावर होता.

डिग या आज्ञेनं साइटचा पत्ता विचारला. दोन्ही यंत्रांवर एकच उत्तर, अगदी बरोबर. तरी उघडेना. मग कर्ल वजा व्ही चालवली, तर ती भलत्याच आकड्याकडे निघालेली! डिग एक सांगतेय, कर्ल दुसरीकडे चाललीय, एकाच कॉम्प्युटरवर.

डिग थेट डीएनएसच्या, म्हणजे नावावरून आकडा सांगणाऱ्या यंत्रणेच्या, सर्व्हरला विचारते. ब्राउझर, कर्ल वगैरे मंडळी सहसा आधी घरातली वही बघतात: ईटीसी या फोल्डरमधली होस्ट्स नावाची फाइल. तिच्यात नाव सापडलं की बाहेर विचारायचंच नाही, हा क्रम एनएसस्विच नावाच्या फाइलीत लिहिलेला असतो. ही वही डीएनएसहून जुनी आहे. अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाच्या, काळात सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाइलीत असत, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि बाकीचे तिथून उतरवून घेत. यंत्रं वाढली, तो व्याप आवरेना, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. वही मात्र प्रत्येक लिनक्समध्ये अजून आहे. गेटएंट होस्ट्स ही आज्ञा आणि पुढे साइटचं नाव दिलं, की वहीसकट जे उत्तर मिळतं ते दिसतं. डिग आणि गेटएंट यांचं जमत नसेल तर आधी वही उघडायची.

मी उघडली. सोसायटीची साइट एकदा नव्या सर्व्हरवर हलवायची होती, तेव्हा ते काम मीच फुकटात अंगावर घेतलं होतं. जगाला दाखवण्याआधी आपल्यापुरतं तपासायला त्या सर्व्हरचा आकडा वहीत टाकलेला. पुढे तोही सर्व्हर बदलला, सगळ्या सोसायटीला नवा पत्ता मिळाला, माझा कॉम्प्युटर बंद पडलेल्या घराचं दार वाजवत राहिला. ओळीच्या शेवटी माझ्याच हातची टीप होती: 'तात्पुरतं. सोमवारी काढणे.'