कशावरून? : तर्काची गोष्ट, पऱ्हाटीच्या वावरातून

(दृश्य : यवतमाळ जिल्हा. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुलावर आलेली.)

बाकीची फुलं उमललीत. हे एक मात्र गुलाबाच्या कळीसारखं मिटलेलं. ही डोमकळी. आत बोंडअळी असणार, हे मावशींनी कळी न उघडताच सांगितलं. कशावरून?

तर्कावरच्या प्राचीन न्यायसूत्रांनी याची पाच पायऱ्यांची रीत घालून दिली. कळीत अळी आहे, ही प्रतिज्ञा. पाकळ्या जाळ्यानं गुंफल्यात, हा हेतू, म्हणजे कारण. जिथं अशी गुंफण तिथं अळी, जशी मघाशी मागच्या ओळीतल्या कळीत निघाली, हे उदाहरण. इथंही तीच गुंफण, हा उपनय. म्हणून अळी आहे, हे निगमन.

ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलनं तीन विधानांत अनुमान बसवलं. आपल्या रीतीत उदाहरणाला स्वतंत्र पायरी आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. नुसता नियम सांगून भागत नाही, पाहिलेलं काही दाखवावं लागतं.

दाखवून पटवायची ही रीत मराठीतही दिसते. अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर हे महानुभाव पंथाचं मोठं स्थान. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी यांचे ११४ दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथात जुळवले. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग तो लावून दाखवणारं दार्ष्टांतिक.

(दृश्य : विहिरीवरचा स्टार्टर.)

१८५४ मध्ये गणितज्ञ जॉर्ज बूलनं खऱ्याला १ आणि खोट्याला ० मानून तर्काचं बीजगणित मांडलं. १९३७ मध्ये क्लॉड शॅनननं दाखवलं की तेच गणित रिलेच्या, म्हणजे विजेनं चालू-बंद होणाऱ्या, स्विचांनी करता येतं. एकामागे एक जोडले की ‘आणि’, शेजारी-शेजारी जोडले की ‘किंवा’. आपल्या मोटारीचंच बघा. पहिला फेज आणि दुसरा आणि तिसरा, तिन्ही असतील तरच स्टार्टरमधला प्रिव्हेंटर मोटार चालू देतो.

१९५६ मध्ये ‘लॉजिक थिअरिस्ट’ हा प्रोग्राम गणितातली प्रमेयं सिद्ध करू लागला. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ‘मायसिन’ हा प्रोग्राम आला. तो रक्तातल्या जंतुसंसर्गावर औषध सुचवायचा आणि विचारलं तर कोणत्या नियमावरून, तेही सांगायचा.

(दृश्य : लाल पडलेलं पान, समोर मोबाईल.)

आजचं यंत्र, म्हणजे फोटोवरून पिकाचा रोग ओळखणारं मोबाईलमधलं ॲप, हजारो फोटोंवरून शिकतं. उदाहरणं त्याच्याकडे भरपूर, पण हेतू आकड्यांच्या ढिगात हरवलेला. लाल्या, म्हणजे पानं लाल पडणं, मॅग्नेशियमच्या कमतरतेनं येतो, तुडतुडे या किडीनंही येतो. दोन्हींचा उपाय वेगळा. फवारणीचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जाणार, तेव्हा ॲपला ‘कशावरून’ विचारायचा त्याचा हक्कच आहे. ॲपनं फोटो पाहिला तो पानाच्या वरच्या बाजूचा. तुडतुडे खालच्या बाजूला बसून रस शोषतात.