जड गाडी आणि पहिले साठ फूट

मित्रहो, आज ज्या गाडीबद्दल बोलणार आहे ती आपल्याकडच्या रस्त्यांवर दिसणार नाही. 1994 ते 1996 या काळात शेव्हरलेटने टेक्सासमधल्या अर्लिंग्टनच्या कारखान्यात इम्पाला एसएस नावाची सेडान बनवली. वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, तिच्यावर बॉडी, मागे अखंड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आस, वजन सुमारे 1,900 किलो. पोलिसांसाठीच्या कॅप्रिसचंच सामान वापरून ती उभी केलेली. पुढे 5.7 लिटरचं एलटी-वन व्ही-एट इंजिन, 260 अश्वशक्तीचं. ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे जागेवरून सुटून सरळ पाव मैल धावण्याच्या शर्यतीत, ही गाडी मूळ अवस्थेत ते अंतर, म्हणजे 402 मीटर, साधारण 15 सेकंदांत कापते.

ही गाडी 13 सेकंदांच्या घरात आणायची असं कुणी ठरवलं की पहिला हात इंजिनाला जातो. कॅमशाफ्ट (इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा) बदलू, हेडर्स (धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या) लावू, हवेच्या वाटेवरचा डबा काढू. माझा आग्रह उलट आहे. मागच्या टायरपासून सुरुवात करा आणि इंजिनाकडे सर्वांत शेवटी या.

याचं कारण प्रत्येक धावेनंतर ट्रॅकवर मिळणाऱ्या वेळेच्या चिठ्ठीत, म्हणजे टाइम स्लिपमध्येच असतं. तिच्यावर पहिल्या साठ फुटांची वेळ असते, शेवटी एकूण वेळ आणि रेषा ओलांडतानाचा वेग. तो वेग तुमच्या इंजिनाची ताकद सांगतो, वेळ मात्र ती ताकद जमिनीपर्यंत किती पोचली ते सांगते. साठ फुटांत दहावा हिस्सा सेकंद वाचला तर शेवटी साधारण दीडपट वाचतो, कारण तिथे मिळालेला वेग पुढच्या प्रत्येक मीटरला तुमच्या सोबत असतो. ज्यांनी ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या शर्यती पाहिल्या आहेत त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं असेल: धूर काढणारी गाडी पहिल्या शंभर मीटरमध्येच मागे पडते.

आता वजनाकडे बघू. लोक वजनाला शत्रू मानतात. एका अर्थी खरं आहे. सुमारे 45 किलो उतरवले की दहावा हिस्सा सेकंद मिळतो, म्हणून स्टेपनी, जॅक, मागची सीट ट्रॅकवर जाताना घरीच राहू द्या. पण गाडी सुटते तेव्हा पुढच्या चाकांवरचा भार मागे सरकतो, आणि जड गाडीत तो बराच असतो. गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर धरा, दोन ॲक्सलमधलं अंतर या गाडीत सुमारे 2.94 मीटर आहे. अर्ध्या जी-ने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या प्रवेगाने, सुटलात तर पावणेदोनशे किलोच्या आसपास भार मागच्या टायरवर येतो. तो घ्यायला टायर तयार हवा. साधा रस्त्याचा टायर इथे कमी पडतो. ड्रॅग रेडियल, म्हणजे या शर्यतीसाठीचे जास्त पकडीचे टायर, लावा, हवा थोडी कमी ठेवा, सुटण्याआधी तो फिरवून गरम करा.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती बरेच जण चुकवतात. अखंड ॲक्सलमध्ये प्रॉपेलर शाफ्टची, म्हणजे गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याची, पीळ मागचं उजवं चाक उचलू पाहते आणि डावं दाबते. म्हणून गाडी सुटताना उजवं चाक हलकं होऊन घसरतं. यावर साधा उपाय आहे: मागच्या कॉइल स्प्रिंगच्या आत हवेची पिशवी बसवायची आणि उजवीकडच्या पिशवीत जास्त हवा भरायची. खर्च फार नाही, पण दोन्ही चाकं सारखी पकडतात. त्यासोबत मागचे खालचे कंट्रोल आर्म, म्हणजे ॲक्सलला चॅसीशी जोडणारे दांडे, बदला. कारखान्याचे आर्म पत्रा वाकवून केलेले, एका बाजूने उघडे असतात, जोर आला की पिळतात. बंद चौकोनी नळीचे आर्म लावले की ॲक्सल जागेवर राहतो. बॅटरी डिकीत उजवीकडे न्यायचीही पद्धत आहे, मात्र मग गाडीच्या मागे बाहेरून बंद करता येणारा मुख्य स्विच एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमांत लागतो.

पकड जमली की गिअरिंग. मूळ फायनल ड्राइव्ह, म्हणजे मागच्या ॲक्सलमधला गिअरचा रेशो, 3.08 आहे, हायवेसाठी छान, सुटण्यासाठी सुस्त. 4.10 बसवलं की इंजिनात हात न घालता चाकांवरचा टॉर्क 33 टक्क्यांनी वाढतो. या गाडीच्या 4एल60-ई गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर 3.06 आणि दुसरा 1.63. मध्ये मोठी दरी आहे. 5,500 आरपीएमवर दुसरा टाकलात की इंजिन 2,900 च्या आसपास येऊन पडतं. त्यासाठी टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग, बदलायचा. गाडी उभी असतानाही इंजिनाला 2,800-3,000 आरपीएमपर्यंत फिरू देणारा, म्हणजे जास्त घसरणारा, कन्व्हर्टर सुटताना इंजिनाला ताकदीच्या टप्प्यात नेतो आणि दुसऱ्या गिअरमध्येही त्याला खाली कोसळू देत नाही. माझ्या मते पैशाच्या मानाने एवढा फायदा देणारा दुसरा बदल या गाडीत नाही. पण घसरण म्हणजे उष्णता, तेव्हा गिअरबॉक्स तेलाचा वेगळा कूलर त्याच दिवशी लावा. आणि गिअरचा रेशो बदलल्यावर कॉम्प्युटरमध्ये तो नोंदवा, नाहीतर स्पीडोमीटरही चुकेल आणि गिअर बदलण्याची वेळही.

आता या इंजिनाकडे. हेडर्स, कॅम, नवं ट्यूनिंग, सगळं करा. पण आधी वॉटर पंप तपासा. एलटी-वनचा डिस्ट्रिब्यूटर, ज्याला ऑप्टिस्पार्क म्हणतात, पंपाच्या मागे खालच्या बाजूला बसतो. पंप गळला की पाणी थेट त्याच्यावर, आणि इंजिन चुकायला लागतं.

सुरक्षेत तडजोड नको. एनएचआरएच्या नियमांत 13.99 सेकंद किंवा त्याहून वेगवान धावलात की हेल्मेट लागतं, आणि 11.49 सेकंदांपासून या वयाच्या गाडीला रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी आतली लोखंडी चौकट. ब्रेकचं तेल आणि पॅड हंगामाच्या सुरुवातीला नवे घाला, कारण 1,900 किलो शंभर मैलांच्या वेगावरून थांबवायचे आहेत.

कुणीतरी विचारलं, ही गाडी मग रोज वापरता येईल का? हो. 100 किलोमीटर वेगाला, शेवटच्या गिअरमध्ये आणि मूळ मापाच्या टायरवर, 3.08 असताना इंजिन सुमारे 1,670 आरपीएमवर फिरतं, 4.10 असताना 2,220 वर. इंधन जास्त जाईल, आवाज वाढेल. ज्यांना रोज लांब जायचं आहे त्यांनी 3.73 घ्यावं. त्यात हा आकडा दोन हजारांच्या आसपास राहतो आणि सुटतानाचा टॉर्क तरीही 21 टक्के वाढतो.