सेब्रिंगचे काँक्रीट आणि माझ्या कडक स्प्रिंगा

मंडळाने मला ‘जुन्या स्पोर्ट्स कारची रेसट्रॅकसाठी तयारी’ हा विषय दिला आहे. तो मी सेब्रिंगपुरताच ठेवणार आहे, कारण फ्लोरिडात राहणाऱ्या आपणा सर्वांच्या गाड्यांचे बोल्ट त्याच ट्रॅकने सैल केले आहेत. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांच्या वैमानिकांना शिकवण्यासाठी बांधलेल्या हेन्ड्रिक्स फील्ड या हवाई तळावर ३१ डिसेंबर १९५० रोजी तिथली पहिली शर्यत झाली, आणि आजच्या १७ वळणांच्या, सुमारे सहा किलोमीटरच्या ट्रॅकवर ते जुने काँक्रीट काही ठिकाणी अजून उघडे आहे.

माझी गाडी १९९० सालची माझदा मियाटा, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार. एका गॅरेजवाल्याच्या सल्ल्याने मी तिला भरपूर खाली बसवली आणि मिळाल्या तेवढ्या कडक स्प्रिंगा घातल्या. हसू नका, येताना पार्किंगमध्ये तशा चार गाड्या मी मोजल्या आहेत. सतराव्या वळणावर, म्हणजे त्या न संपणाऱ्या उजव्या वळणावर, माझी गाडी वळण्याऐवजी बेडकासारखी उड्या मारत बाहेर सरकू लागली. मी शॉक ॲब्सॉर्बर आणखी आवळले, तेव्हा उड्या वाढल्या. शेवटी पिटमधल्या एका वयस्क मेकॅनिकने, मला काही न विचारता, शॉकच्या चकचकीत दांड्याभोवती वायर बांधायची प्लास्टिकची पट्टी आवळली आणि ती खाली सरकवून ठेवली. दोन फेऱ्यांनंतर पाहिले, तर पट्टी वर जाऊन बम्प स्टॉपला, म्हणजे चाकाची वरची हालचाल जिथे थांबते त्या रबराला, चिकटली होती. मियाटाच्या पुढच्या चाकांना वर जायला मुळातच जागा कमी, आणि उरलेली मी गाडी बसवण्यात घालवली होती. म्हणजे पैसे मोजले स्प्रिंगांचे आणि वळण घेत होतो रबराच्या तुकड्यावर.

हिशेब सोपा आहे. स्वतःच्या वजनाने गाडी चाकापाशी अडीच सेंटिमीटर दबत असेल, तर ती सेकंदाला साधारण तीनदा वरखाली डोलते. सहा सेंटिमीटर दबत असेल, तर दोनदा. गुळगुळीत डांबरावर तीन शोभतात, पण काँक्रीटच्या सांध्यांवर मला दोनच हवेत, आणि इतकी मऊ स्प्रिंग पेलायला उंची दोन सेंटिमीटर वाढवावी लागली तरी माझी हरकत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटे उरली आहेत, आणि ज्यासाठी आपण बोलावलेत ती तयारी अजून बाकीच आहे. तेव्हा भराभर सांगतो. तीस वर्षांचे बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर, आधी बदला, त्यानंतरच अलाइनमेंट करा. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, लावायचे एक्सेंट्रिक (मध्य सरकवलेले) बोल्ट हादऱ्याने फिरतात, म्हणून ते आवळल्यावर बोल्ट आणि बॉडी या दोहोंवर मिळून रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे रेघ तुटलेली लगेच दिसेल. बॅटरी डिकीत असते, तिचा पट्टा हाताने हलवून पाहा. शॉकचा परतीचा जोर, म्हणजे दबलेले चाक पुन्हा खाली येताना होणारा विरोध, फार ठेवला, तर पुढच्या खड्ड्यापूर्वी चाक खाली येत नाही आणि गाडी खड्ड्यागणिक बसत जाते. माझ्या आवळण्याने तेच झाले होते. चाके चौदा इंचीच ठेवा, कारण टायरची उंच भिंत हीसुद्धा स्प्रिंगच आहे. व्हील नट प्रत्येक सत्रानंतर टॉर्क रेंचने तपासा. त्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचे एक पाकीट मी सोबत आणले आहे. ज्यांच्या गाड्या मी मघाशी मोजल्या, त्यांनी आधी घ्याव्यात.