जर्नल ज्याचं त्यानं लिहावं

नमस्कार, श्रोतेहो.

इंजिनिअरिंगचं सेमिस्टर संपत आलं की कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. होस्टेलच्या खोल्यांत रात्रभर दिवे चालू. कुणी मागच्या वर्षीच्या मुलाची फाइल मिळवलेली असते, कुणी काचेखाली बल्ब लावून मित्राची ड्रॉइंग शीट आपल्या शीटवर उतरवत असतो. याला मुलं ‘जीटी मारणं’ म्हणतात. चार महिन्यांची जर्नल्स, म्हणजे प्रयोगांच्या वह्या, चार रात्रींत पूर्ण होतात, त्यांवर सह्या होतात, टर्मवर्कचे, म्हणजे सत्रभराच्या कामाचे, मार्क मिळतात. मग लेखी परीक्षेत तोच विद्यार्थी नापास झाला की घरी म्हणतात, “अहो, बारावीला इतके चांगले मार्क होते. इथे काय झालं?”

अनेक वर्षं इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवताना मी याचं उत्तर शोधत आलो आहे. माझं मत सरळ आहे. यातली बहुतेक मुलं बुद्धीनं कमी नसतात. स्वतःचं काम स्वतः करायची सवय पहिल्याच वर्षी सुटते, आणि पुढची घसरण तिथून सुरू होते.

हे मत माझ्या एकट्याचं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित तंत्रज्ञान विद्यापीठात डेव्हिड पलाझो, डेव्हिड प्रिचर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या वर्षाच्या भौतिकशास्त्राचा गृहपाठ अनेक सत्रं तपासला. गृहपाठ संगणकावर होता, त्यामुळे कोण किती वेळात उत्तर देतो याची नोंद आपोआप होत होती. प्रश्न वाचूनही होणार नाही इतक्या लवकर बरोबर उत्तर आलं, तर ते कुठून तरी उतरवलेलं, हे उघडच होतं. हे संशोधन 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. भरपूर कॉपी करणारी मुलं प्रवेशाच्या वेळी इतरांपेक्षा कच्ची नव्हती. सत्र पुढे सरकलं तशी ती परीक्षेतली गणितं सोडवण्यात मागे पडत गेली. ज्यांनी 30 टक्क्यांहून जास्त गृहपाठ उतरवला, त्यांचं नापास होण्याचं प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक होतं. आणखी एक गोष्ट दिसली. ही मुलं गृहपाठाला हातच उशिरा लावत. म्हणजे आधी टाळाटाळ, मग घाई, आणि घाईतून कॉपी.

एमआयटीला पोचलेल्या मुलांची ही गत, मग आपल्याकडे वेगळं काय होणार?

आता आपल्याच प्रयोगशाळेतलं एक उदाहरण सांगतो. माइल्ड स्टीलची सळई यूटीएमवर, म्हणजे ताण देणाऱ्या यंत्रावर, ओढून तोडायची. हा प्रयोग सिव्हिल आणि मेकॅनिकलची जवळपास सगळी मुलं करतात. त्यातून स्टीलचा यंग्ज मॉड्युलस, म्हणजे ओढल्यावर ते किती ताठ राहतं याचं माप, काढायचा. पुस्तकात तो साधारण 2 लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असतो. वर्गातली जर्नल्स उघडली की बहुतेकांचं उत्तर याच्याच आसपास, दशांशाच्या पुढचे आकडेसुद्धा सारखे! ज्या मुलीनं स्वतः रीडिंग घेतलं, तिचं उत्तर मात्र फारच कमी आलेलं असतं. ती घाबरून विचारायला येते. मग कळतं, की यंत्राच्या जबड्यात सळई थोडी सरकते, यंत्राचे भागही थोडे ताणले जातात, आणि हे सगळं आपण सळईचीच लांबी वाढली असं धरतो. म्हणून सळईवरच एक्स्टेन्सोमीटर, म्हणजे लांबीतली वाढ मोजणारं उपकरण, लावावा लागतो. त्या एका ‘चुकलेल्या’ उत्तरानं ती जे शिकते, ते वीस सुबक जर्नल्स उतरवून कुणाला मिळत नाही. ओरलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, विचारतात, “यील्ड पॉइंट आला हे कशावरून ओळखलंत?” यील्ड पॉइंट म्हणजे सळई कायमची ताणली जाऊ लागते तो क्षण. जिनं डायलचा काटा क्षणभर अडखळताना पाहिला आहे, तिला पाठांतराची गरज पडत नाही.

आपल्या विषयांची रचनाही अशी आहे की मागचं कच्चं राहिलं तर ते पुढे आडवं येतंच. मेकॅनिक्स नीट झालं नाही तर स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स कळत नाही, ते नाही कळलं तर आरसीसी डिझाइन निव्वळ सूत्रांची यादी होते. गणितात एम-वन, एम-टू कसंबसं निघालं की एम-थ्रीला केटी, म्हणजे नापास झालेला विषय पुढे ओढत नेणं, ठरलेलं. मग चालू सेमिस्टरचा अभ्यास करायचा की जुन्या केटीचा, या ओढाताणीत वर्ष जातं. कॉम्प्युटरच्या मुलांचंही तेच. मित्राचा किंवा एआयनं लिहिलेला प्रोग्राम चिकटवून सबमिशन होतं, पण एरर शोधत दोन तास डोकं खाजवण्यातच तो विषय असतो.

हजेरीबद्दल थोडक्यात सांगतो. वर्गातली हजेरी आणि मिळणारे ग्रेड यांचं नातं फार घट्ट असल्याचं अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे, प्रवेश परीक्षेच्या मार्कांपेक्षाही घट्ट. मित्रानं लावलेली प्रॉक्सी, म्हणजे आपल्या नावाची खोटी हजेरी, 75 टक्क्यांची अट भागवते, एवढंच.

पण सगळा दोष मुलांवर टाकणं मला मान्य नाही. बारावीपर्यंत मराठीत विचार करणारा मुलगा पहिल्या वर्षी इंग्रजी पुस्तकांसमोर गांगरतो. शंका विचारायची तर वाक्य जुळत नाही, वर्गात हसतील अशी भीती वाटते. तो कॉपी करतो ती या भीतीपोटी. अशा मुलांना मी कळकळीनं सांगतो: शंका मराठीत विचारा. शिक्षकांनी उत्तरही मराठीत द्यावं. तांत्रिक शब्द इंग्रजी राहू देत, समजूत आपल्या भाषेत झाली तरी ती पक्कीच असते.

आणि आम्ही शिक्षक? वर्षानुवर्षं त्याच असाइनमेंट देऊन, अक्षर बघून सह्या करायच्या आणि मुलं उतरवतात म्हणून तक्रार करायची, हे बरोबर नाही. गणितातला भार किंवा लांबी रोल नंबरच्या शेवटच्या दोन आकड्यांवरून ठरवून दिली, तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. जर्नल दर आठवड्याला बघितलं आणि सही करण्याआधी दोन प्रश्न विचारले, तर शेवटच्या आठवड्यातली झुंबड निम्मी कमी होईल. एमआयटीतही शिकवण्याची आणि ग्रेड देण्याची पद्धत बदलल्यावर कॉपीचं प्रमाण बरंच खाली आलं.

मित्रांबरोबर अभ्यास करूच नका, असं मी म्हणत नाही. चर्चा चौघांनी मिळून करा, भांडा, फळ्यावर सोडवून बघा. लिहायला बसताना मात्र एकटे बसा, समोर दुसऱ्याची वही नको. ज्या दिवशी प्रॅक्टिकल झालं त्याच रात्री रीडिंगवरून आलेख काढा. अर्धा-पाऊण तास पुरतो. आठवड्यानं बसलात तर कुठलं रीडिंग कशाचं, हेच आठवत नाही.

पालकांनो, मुलाचा होस्टेलवरून फोन येईल तेव्हा मार्कांची चौकशी थोडी मागे ठेवा. या आठवड्यात कोणता प्रयोग केलास, उत्तर काय आलं, ते तसंच का आलं, एवढं विचारा. तुम्हाला त्यातलं काही कळायची गरज नाही. तो किती सविस्तर सांगतो ते ऐका. सांगताना अडला, तर शिक्षकांना भेटायला सांगा, आणि तेही परीक्षा महिन्यावर येण्याआधी.

नमस्कार.