अर्ज दिलात, पोच घेतलीत का?

नमस्कार मंडळी, आज बोलायचंय ते बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी करणाऱ्या पोरांशी, बाकीच्यांनी ऐकलं तरी चालेल, उलट ऐकाच.

कॉलेजात तुम्हाला केसवर्क, म्हणजे एकेका माणसाची अडचण हाताळणं शिकवतात, समुपदेशन शिकवतात, ते हवंच हो. पण फिल्डवर्कला रायगडातल्या एखाद्या कातकरी वाडीवर गेलात तर तिथली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावरच परततात, मग तिथल्या बाईला नुसता धीर देऊन काय होणार? तिला रेशन हवंय. ते आता भट्टीजवळच्या दुकानातही घेता येतं, अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो, प्राधान्य कार्ड असेल तर माणशी ५ किलो, आणि हा २०१३च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, दुकानदाराची मेहरबानी नाही. उचल दिली म्हणून मालक हलू देत नसेल तर ती वेठबिगारी झाली, त्याला १९७६चा कायदा आहे, तक्रार न्यायची कलेक्टरकडे नाहीतर प्रांतांकडे. हे तुम्हालाच ठाऊक नसेल तर तिच्या फुकट फेऱ्या होणार, आणि फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली.

नुसता ठराव होऊन भागत नाही हे आपल्या कोकणाला कुणी सांगायला नको. पाणवठे सगळ्यांना खुले करायचा बोले ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ला झाला, महाड नगरपालिकेने १९२४ला चवदार तळं खुलं केलं, पण कागदावर. पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ला, बाबासाहेब लोकांना घेऊन गेले तेव्हा, आणि त्यानंतरही खटला चालला तो १९३७ला हायकोर्टात निकाली निघाला!

म्हणून म्हणतो, आधी ऑफिस ओळखायला शिका. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का, सही, तारीख घेऊन ती बाईच्याच पिशवीत ठेवायची, तुमच्या फाईलला नव्हे. "साहेब नाहीत, उद्या या" हे उत्तर तोंडी असतं, त्याचा पुढे काही उपयोग होत नाही. उत्पन्नाचा दाखला नाकारला तर २०१५च्या सेवा हक्क कायद्याने कारण लेखी द्यावं लागतं, त्यावर अपील करता येतं. अर्ज अडलाय कुठे ते कळत नसेल तर माहिती अधिकार, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, उत्तर ३० दिवसांत.

आणि प्रकरण कोर्टात गेलंच तर बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती कुठे बसते एवढं विचारायचं.