शेडमधला निळा सॉकेट

(दृश्य : टेबलावर ठेवलेला जळका पॉवर सॉकेट. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

हा सॉकेट गेल्या महिन्यापर्यंत आमच्या शेडच्या भिंतीवर होता. 16 अँपिअरचा, घरात गीझरला असतो तसला. उजव्या भोकाभोवतीचं प्लास्टिक बघा. आधी पिवळं पडलं, मग तपकिरी, आणि शेवटी भाकरी करपावी तसं काळं. ही फेजची बाजू. त्या दिवशी प्लग ओढला तर तो निघेना. पितळी पिनेभोवती प्लास्टिक वितळून घट्ट बसलं होतं.

एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, मात्र शांत होता, पडलाच नाही. तो का पडला नाही, हे कळायला मला बराच वेळ लागला.

(दृश्य : घरामागची पत्र्याची शेड, वाइस, ड्रिल, कोपऱ्यात वेल्डिंग मशीन.)

कोल्हापूरच्या आमच्या भागात घरामागं शेड असणं काही नवीन नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस घरी बसला, तरी त्याचे हात बसत नाहीत. एखादं ड्रिल येतं, ग्राइंडर येतो, मग कधीतरी वेल्डिंग मशीन. माझंही तसंच झालं. बारा नंबरच्या रॉडवर खिडक्यांचे गज जोडत होतो, तोवर सगळं ठीक होतं. मग ट्रॉलीच्या बिजागऱ्या आल्या, जाड पट्टी आली, दहा नंबरचा, म्हणजे बारापेक्षा जाड रॉड लागला, आणि सॉकेट जळायला लागला.

इथं थोडा हिशेब करू, कारण सगळी गोम त्यातच आहे. मशीनच्या काट्यावर 120 अँपिअर दिसतात. ते रॉडच्या टोकाचे. तिथं व्होल्टेज असतं जेमतेम 25. म्हणजे 3000 वॉट. मशीन स्वतः थोडी वीज खातं, शिवाय साध्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनचा पॉवर फॅक्टर कमी असतो, म्हणजे कामाच्या मानानं ते प्रवाह जास्त ओढतं. हे सगळं धरलं, तर 230 व्होल्टच्या भिंतीतून ते ओढतं साधारण 22 अँपिअर. बारा नंबरच्या रॉडला 80 अँपिअर लावले, तर भिंतीतून जायचे 13–14. म्हणून तो सॉकेट इतके दिवस तगला.

आणि एमसीबी? 16 चा सारखा पडतो म्हणून मीच मागं कधीतरी 25 चा बसवून घेतला होता. 22 अँपिअरला 25 चा एमसीबी कशाला पडेल? एमसीबी असतो वायरसाठी. वायर किती तापणार, एवढंच तो बघतो. सॉकेटच्या आतली पट्टी सैल झाली आहे, हे त्याला दिसत नाही.

(दृश्य : सॉकेट उघडलेला. आतली पितळी पट्टी, निळसर काळी पडलेली.)

ही ती पट्टी. तापून तापून तिची स्प्रिंग गेली, पकड गेली. पकड गेली की पिनेला ती पुरती टेकत नाही, आणि तिथला रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. समजा तिथं फक्त 0.1 ओहम रोध आहे. 22 चा वर्ग 484, गुणिले 0.1, म्हणजे 48 वॉट. डाग द्यायची साधी सोल्डरिंग आयर्न 25 वॉटची असते. तशा दोन आयर्न एकाच पिनेला लावून ठेवाव्यात, तसं हे चाललं होतं.

मामांनी सॉकेट हातात घेतला, पट्टीवरून नख फिरवलं आणि म्हणाले, "बाळा, वायर न्हाई जळत. जॉइंट जळतोय." मामा आमच्या भागातले जुने वायरमन, परवानाधारक. वायरमन बाहेरचा असला तरी आमच्याकडं त्याला मामाच म्हणतात.

(दृश्य : लाइटबिल. बोट 'मंजूर भार' या ओळीवर.)

मला वाटलं होतं, मोठा सॉकेट आणायचा, जुन्याच्या जागी लावायचा, झालं. मामांनी सॉकेटचं नावही काढलं नाही. आधी महावितरणचं बिल मागितलं. त्यावर मंजूर भार लिहिलेला असतो. घरातला गीझर, पाण्याची मोटर आणि हे मशीन एका वेळी चाललं तर तो पुरेल का? आमचा पुरत नव्हता. भार वाढवायचा अर्ज आधी गेला, मंजुरी आली, मग काम.

मग अंतर. मीटरपासून शेडपर्यंत केबल 25 मीटर. शेडला आधी 2.5 एमएमची वायर होती. जाऊन येऊन 50 मीटर तांबं, रोध साधारण 0.4 ओहम. 22 अँपिअरला जवळजवळ 9 व्होल्ट वाटेतच संपत होते, आणि 190 वॉटची उष्णता भिंतीतल्या पाइपात मुरत होती. संध्याकाळी डीपीवरून, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून येणारं व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. त्यातून आणखी 9 गेले की आर्क तुटतो, रॉड चिकटतो, आणि माणूस मशीनच्या नावानं खडे फोडतो. 6 एमएमच्या तांब्यात हेच नुकसान साडेतीन-चार व्होल्टवर येतं.

म्हणून 6 एमएमची तीन कोअर आर्मर्ड, म्हणजे आत तीन तारा आणि वर लोखंडी कवच असलेली केबल. जमिनीत अडीच फूट खोल चर, खाली वाळू, वाळूवर केबल, वर पुन्हा वाळू, आणि त्यावर विटा. उद्या कुणी झाड लावायला कुदळ मारली, तर ती आधी विटेला लागावी म्हणून.

(दृश्य : मीटरजवळ मेन स्विच खाली. त्यावर कुलूप.)

जोडणीच्या दिवशी मामांनी मेन पाडला, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग हातातला मल्टिमीटर आधी चालू लाइनवर लावून बघितला, मग बंद लाइनवर, मग परत चालू लाइनवर. आपलं यंत्रच मेलेलं असेल, तर ते सगळीकडं शून्यच दाखवणार. टेस्टर खिशात असूनही त्यांनी तो काढला नाही.

(दृश्य : निळा औद्योगिक सॉकेट, झाकण उघडलेलं.)

हा नवा सॉकेट. 32 अँपिअरचा. निळा रंग म्हणजे 230 व्होल्टचा, लाल दिसला तर तो थ्री फेजचा. तीन गोल भोकं, आणि अर्थिंगचं भोक बाकीच्यांपेक्षा मोठं, त्यामुळं प्लग उलटा बसूच शकत नाही. झाकण स्प्रिंगचं आहे. शेडमध्ये ग्राइंडरची धूळ उडते, लोखंडाचा बारीक कीस असतो, तो आत जाऊ नये म्हणून हे झाकण.

इथं एका गोष्टीवर मामा थांबले. आपल्या जुन्या सवयीत लाल, पिवळा, निळा म्हणजे फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग. माझ्या मशीनच्या केबलमध्ये मात्र तपकिरी फेज, निळा न्यूट्रल, आणि हिरवा-पिवळा अर्थिंग. निळा बघून फेज समजणारा माणूस इथं चुकतो. मामांनी रंगावर विश्वास न ठेवता एकेक तार मल्टिमीटरनं वाजवून बघितली, आणि मगच प्लगमध्ये घातली.

तारेचे मोकळे धागे नुसते पिळून स्क्रूखाली दाबायचे नाहीत. प्रत्येक टोकाला लग, म्हणजे तारेवर चढवायची धातूची टोपी, क्रिम्पिंगच्या पकडीनं दाबलेला. मग ओढून बघायचं. मामा असं ओढतात की वाटावं आता केबलच हातात येणार. एक लग आलाही. तो कापून टाकला, नवा लावला.

(दृश्य : मोरीच्या बाजूला अर्थिंगचा खड्डा. काळी जमीन, भेगा.)

आता अर्थिंग. खरं सांगायचं, तर या फिल्मचं निम्मं कारण हेच आहे.

आमची जमीन काळी. पावसाळ्यात चिखल, आणि चैत्रात हात जाईल एवढ्या भेगा. जुना अर्थिंगचा पाइप अशाच एका भेगेत उघडा पडलेला सापडला. नवा खड्डा मोरीच्या बाजूला घेतला, कारण तिथली माती वर्षभर ओली राहते. अडीच मीटरचा गॅल्व्हनाइझ्ड पाइप, भोवती कोळशाचा आणि खडेमिठाचा थर, वर पाणी ओतायला तोंड. उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी घालायचं.

पण फक्त अर्थिंगवर भरवसा ठेवून चालत नाही, आणि हे मला माहीतच नव्हतं. समजा मशीनच्या आत फेजची वायर सुटून पत्र्याला टेकली, आणि जमिनीचा रोध 5 ओहम आहे. 230 भागिले 5, म्हणजे 46 अँपिअर जमिनीत जाणार. आपला नवा एमसीबी 32 चा, सी प्रकारचा. त्याला झटक्यात पडायला 5 ते 10 पट प्रवाह लागतो, म्हणजे 160 ते 320 अँपिअर. 46 अँपिअरला तो कदाचित तासभर विचार करत बसेल. तोवर मशीनचा पत्रा जिवंत. घाम आलेला हात, ओली जमीन, पायात चप्पल. आमच्याकडं अशीच माणसं जातात, आणि मागाहून लोक म्हणतात, अर्थिंग तर होतं की.

म्हणून हा दुसरा डबा, आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो मोजतो. दोन्हींत 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत तोडतो. गळती मोठी असली तर 0.04 सेकंदात. जमिनीचा रोध 100 ओहम असला तरी 2.3 अँपिअर गळतात, त्याला पुरून उरतात. मामांनी ए प्रकारचा मागवला, कारण इन्व्हर्टर मशीनमधून सुटणारी गळती सरळ एसी नसते, आणि साधा प्रकार ती ओळखेलच असं नाही.

आणि हो, न्यूट्रल गेली की अर्थिंगच्या तारेवरून बल्ब लावायची आपल्याकडं सवय आहे. कृपा करून तो प्रकार थांबवा. ज्या तारेनं पत्रा सुरक्षित ठेवायचा, तिच्यातूनच आपण प्रवाह सोडतो. तार कुठं तुटली तर घरातला प्रत्येक धातूचा डबा फेजवर येतो. आरसीसीबी असलेल्या घरात तसा बल्ब लावताच लाइट जाते, आणि लोक मग आरसीसीबीच काढून टाकतात.

(दृश्य : मेगर. काटा स्थिरावतो. मग कुलूप उघडतं.)

मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र, त्यानं 500 व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासलं. एक मेगाओहमच्या खाली काटा आला असता, तर मामा कुलूप उघडणार नव्हते. काटा पार वर गेला. मेन चढवला. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, खट्ट. परत चढवला. बटण फक्त त्या डब्याची तब्येत सांगतं, अर्थिंगची नाही, म्हणून अर्थिंगचा रोध त्यांनी वेगळा मोजून वहीत लिहिला, तारखेसकट.

(दृश्य : दहा नंबरचा रॉड. आर्क पेटतो. काचेतून हिरवा उजेड.)

पाऊण तास सलग काम केलं. ट्रॉलीच्या चारही बिजागऱ्या. मग मशीन बंद करून मामांनी तळहात उलटा केला आणि बोटांच्या मागच्या बाजूनं सॉकेट, प्लग, केबल, एकेक जागा चाचपली. केबल किंचित कोमट. सॉकेट भिंतीएवढाच गार.

मी पैसे काढले. मामा म्हणाले, "राहू दे अर्धं. महिन्यानं येतो स्क्रू आवळायला." तांबं दाबाखाली थोडं बसतं, म्हणाले, आज घट्ट वाटतं ते महिन्यानं तसंच असेल असं नाही.

(दृश्य : मेन खाली, कुलूप. सॉकेट उघडा. स्क्रूड्रायव्हर.)

महिन्यानं आले. फेजचा स्क्रू हलला नाही. अर्थिंगचा हलला नाही. न्यूट्रलचा पाव फेरा फिरला.